जनरल वेडच्या रस्त्याने : हायलँड्समधले किल्ले

शनिवार : एडिनबरा – स्टर्लिंग – डून – किलिन

एडिनबरा आधीच पाहून झालं होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी भाचीने भाड्याची गाडी ताब्यात घेतली आणि आम्ही थेट उत्तरेची, स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ मुलखाची वाट धरली. मी, नवरा आणि ती. ती तिथंच नोकरीला असल्याने गाडी तिच्याच हातात. पण आपल्या भारतीय लायसन्सवरही पाहुण्याला तिथं बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, म्हणून दुसरा चालक म्हणून नवऱ्याचं नाव घालून ठेवलं होतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा निवडला तो दोन कारणांनी. रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, आणि मिज नावाच्या तिथल्या बारीक चावऱ्या चिलटांचा खरा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो.

किल्ले बघायचे असतील तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेचा एक्सप्लोरर पास घ्यावा. आमच्या वाटेवरचे स्टर्लिंग, डून, अर्कर्ट आणि फोर्ट जॉर्ज त्यात येतात. आयलन डोनन, डनव्हेगन आणि ब्लेअर मात्र ट्रस्टच्या किंवा घराण्यांच्या ताब्यात आहेत, त्यांची तिकिटं वेगळी.

स्टर्लिंग लांबूनच ओळखीचं वाटतं. सपाट मुलखात एकटाच उभा राहिलेला कातळ, कडे तुटलेले, एका अंगाने चढण. खाली फोर्थ नदीची वळणं. दक्षिणेकडून हायलँड्सकडे जाणाऱ्या सैन्याला ही नदी इथंच ओलांडावी लागायची, म्हणून स्कॉटलंडच्या दोन मोठ्या लढाया याच्या नजरेच्या टप्प्यात झाल्या. १२९७ साली विल्यम वॉलेसने इंग्रजांना खालच्या पुलावर गाठलं, १३१४ साली रॉबर्ट ब्रूसने बॅनकबर्नला. तटावरून दोन्ही जागा बोटाने दाखवता येतात. आतला ग्रेट हॉल बाहेरून पिवळाधमक आहे. "हे काय, परवा रंग दिल्यासारखं?" नवरा म्हणाला. मुळात तो तसाच चुन्याने रंगवलेला होता, म्हणून दुरुस्ती करतानाही तसाच केला, हे गाईडने सांगितल्यावर त्याचा विरोध मावळला. स्कॉटलंडच्या मेरी राणीला १५४३ साली इथल्या चॅपेलमध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. राजवाड्याच्या दालनांतले भडक रंगवलेले मुखवटे आणि जुन्या वेषातले हौशी लोक मला फारसे रुचले नाहीत. वेळ कमी असेल तर ते टाळा आणि तटावर फिरा.

डून मात्र मनात भरलं. टीथ नदीकाठी, झाडीत, जवळजवळ सगळी मूळची भिंत शाबूत. चौदाव्या शतकाच्या शेवटी आल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्युअर्ट याने ते बांधून काढलं. पुतण्या जेम्स इंग्लंडमध्ये कैदेत, आणि राज्य चालवतो काका. मराठी वाचकाला हे नातं समजावून सांगायला नको. स्वयंपाकघरातली चूल एका भिंतीएवढी आहे. आत जाऊन मान वर केली की धुराड्यातून आभाळ दिसतं.

इथंच एक गोष्ट डोक्यात बसली ती पुढे सगळ्या प्रवासात पुरली. आपण किल्ला म्हटला की आधी डोंगर धरतो. बालेकिल्ला, माच्या, पाण्याची टाकी, वर हजार माणूस राहील एवढी जागा. इथं डोंगर इतके असूनही किल्ला खाली असतो, पाण्याला चिकटून. कारण वाट पाण्याची. डोंगरात घोडा चालत नाही, चिखल संपत नाही आणि वर पिकत काहीच नाही. जो लॉख सांभाळेल, म्हणजे तिथलं लांबट सरोवर किंवा आत घुसलेली खाडी, त्याच्या हातात मुलूख. आणि आत राहतं ते सैन्य नव्हे, सरदाराचं कुटुंब. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढ्या पाहिलेल्या माणसाला हे बांधकाम राजगड-तोरण्यापेक्षा लवकर समजतं.

मुक्काम किलिनला. गावातल्या पुलाखालून डोकार्ट नदी दगडांवरून आदळत जाते. पाणी स्वच्छ, पण रंग कोऱ्या चहाचा. वरच्या पाणथळ रानातलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती, मुरून तो येतो. पुढे सगळीकडे हेच पाणी दिसलं.

रविवार : किल्कर्न – रॅनख मूर – ग्लेनको

टिंड्रमहून सरळ उत्तरेला न जाता वीसेक किलोमीटर वाकडी वाट करून लॉख ऑच्या टोकाला किल्कर्न पाहिलं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलांनी बांधलेला बुरूज, १६९०च्या दशकात त्याला जोडलेल्या दोनशे शिपायांच्या बराकी, आणि १७६० साली पडलेली वीज. वर छप्पर नाही. अंगणात एका बुरुजाचं गोल टोक उलटं पडलं आहे, तळ आभाळाकडे करून, कोसळलं तसंच. कुणी ते उचललं नाही, बाजूला घेतलं नाही, भोवती साखळी लावली नाही. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे असतं तर यावर शेंदूर तरी लागला असता, नाहीतर कुणाचं तरी नाव." दोन्ही खरं.

मग रॅनख मूर. सव्वाशेहून जास्त चौरस किलोमीटरचं हे ओलं पठार कसं आहे ते फोटोत येत नाही, कारण फोटोत काहीच येत नाही. गवत, काळं पाणी, मधूनच एखादा खडक, झाड नाही. १८९४ साली इथून रेल्वे नेली तेव्हा रुळांना बूड मिळेना. शेवटी झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राख यांचे थर टाकून त्यावर रूळ तरंगते ठेवले. गाड्या अजून त्यावरूनच जातात. आमचा ए-८२ हा रस्ता मूरच्या कडेने जातो, आणि एका वळणावर ब्युआखिल एटिव्ह मोर हा त्रिकोणी डोंगर अंगावर येतो. उंची हजार मीटरच्या थोडी वर. नवऱ्याने लगेच हिशोब मांडला : ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. "म्हणजे इथला सगळा देश कळसूबाईच्या खाली!" आकडे बरोबर आहेत. पण इथले पायथे समुद्रसपाटीला असतात, आणि सत्तावन्न अंश उत्तरेला हजार मीटरवर मे महिन्यातही घळीत बर्फ असतं. वाट चुकलेल्या माणसाला आकड्यांचा उपयोग नाही.

ग्लेनकोमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात. 'तीन बहिणी' म्हणतात त्या तीन कड्यांच्या समोर गाड्या लावायला जागा आहे आणि तिथं एक पाइपवाला उभा असतो, बॅगपाइप वाजवत, बसगाड्यांच्या वेळा सांभाळून. त्याला नाणं टाकून आम्ही खाली गावात गेलो. तिथं एक साधा उंच क्रूस आहे, १६९२च्या कत्तलीचा.

गोष्ट अशी. लंडनच्या नव्या राजाशी इमान राखण्याची शपथ १ जानेवारी १६९२च्या आत घ्या, असा हायलँड्सच्या सगळ्या सरदारांना हुकूम होता. ग्लेनकोच्या मॅकडोनल्डांचा म्हातारा प्रमुख मॅकइयन शेवटच्या घटकेला निघाला, आणि गेला फोर्ट विल्यमच्या ठाण्यावर. तिथला अधिकारी म्हणाला, हे काम माझ्याकडे होत नाही, इन्व्हररेला जा. बर्फातून इन्व्हररे गाठून प्रत्यक्ष शपथ व्हायला ६ जानेवारी उजाडला. कचेरी बदलली, तारीख हुकली. वरच्यांना असं एखादं उदाहरण हवंच होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखालचे शिपाई गावात आले, मॅकडोनल्डांच्या घरांत राहिले, त्यांच्या ताटात जेवले, त्यांच्याशी पत्ते खेळले. आणि १३ तारखेला पहाटे यजमानांवरच उठले. अडतीस माणसं मारली गेली. डोंगरात पळालेल्या बायका-मुलांतले किती गारठून मेले ते वेगळंच. मारामाऱ्या हायलँड्सला नव्या नव्हत्या, गुरं पळवणं हा तर धंदाच होता. पण खाल्ल्या घरचे वासे मोजण्याच्या पलीकडचं हे काम तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. गावाजवळच्या जुन्या खाणावळीच्या दारावर फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना मज्जाव असल्याची पाटी आहे. आता ती गंमत म्हणून आहे, बहुतेक.

ग्लेनकोच्या तोंडाशी डोंगरावर नागमोडी चढणारी एक वाट दिसते. तिला डेव्हिल्स स्टेअरकेस म्हणतात. ती शिपायांनी बांधली, १७५०च्या सुमारास. आणि इथं जनरल वेडची ओळख करून द्यायला हवी. जॉर्ज वेडला १७२४ साली हायलँड्सची पाहणी करायला पाठवलं. त्याचा निष्कर्ष सरळ होता : या लोकांना आवरायचं तर आधी आत शिरता आलं पाहिजे. पुढच्या पंधराएक वर्षांत त्याने सुमारे अडीचशे मैल रस्ते आणि चाळीस पूल बांधले. त्याच्यामागून आलेल्या कॉलफील्डने त्याच्या कितीतरी पट. आज आपण ज्यांना निसर्गरम्य मार्ग म्हणतो त्यांतले बरेचसे या लष्करी रस्त्यांवर किंवा त्यांच्या शेजारून जातात. सह्याद्रीत १८१८ नंतर इंग्रजांनी उलट केलं. गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग-मदनला दोराशिवाय जाता येत नाही ते त्यामुळे. काम एकच, मुलूख वेगळा म्हणून पद्धत वेगळी.

सोमवार : ग्लेनफिनन – आयलन डोनन – स्काय

ग्लेनफिननचा रेल्वेपूल बघायला सकाळपासून झुंबड असते, जादूगार मुलाच्या सिनेमांची कृपा. एकवीस कमानी, लांबी ३८० मीटर, आत लोखंडी सळी नाही, नुसतं काँक्रीट. १९०१ साली इथून मॅलेगपर्यंत गाडी सुरू झाली. कंत्राटदार रॉबर्ट मॅकअल्पाइनचं टोपणनाव 'काँक्रीट बॉब'. वाफेचं इंजिन आलं, शिट्टी झाली, दोनशे फोन वर गेले, गाडी गेली. आम्हीही उभे होतो, नाही कशाला म्हणा.

त्या गर्दीतल्या फार थोड्यांनी रस्त्यापलीकडच्या लॉखच्या काठावरचा दगडी खांब पाहिला. १९ ऑगस्ट १७४५ रोजी चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट याने इथं आपलं निशाण उभारलं. आजोबांचं गेलेलं राज्य परत मिळवायला फ्रान्सहून आलेला चोविशीतला राजपुत्र, बरोबर फौज नाही. तो इथं उभा राहून वाट बघत होता, सरदार येतात की नाही. दुपारी कॅमेरन घराण्याची माणसं शेकड्यांनी आली आणि बंड सुरू झालं. ते डर्बीपर्यंत, म्हणजे लंडनच्या दोनशे किलोमीटर अलीकडे पोचलं आणि तिथून मागे फिरलं. पुढे गेले असते तर, हा वाद पानिपतासारखा आहे, न संपणारा.

मागे येऊन स्पीन ब्रिज, इन्व्हरगॅरी, आणि मग ए-८७. या दौऱ्यातला सर्वांत सुंदर रस्ता कोणता असं विचारलं तर मी ग्लेनकोचं नाव घेणार नाही, ग्लेन शीलचं घेईन. गाड्या कमी, डोंगर सरळ रस्त्यावर उतरलेले, आणि उतार लागला की समोर समुद्राचं पाणी. १७१९ साली इथंही एक बंड मोडलं. त्यात जॅकोबाइटांच्या, म्हणजे स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूच्या बंडखोरांच्या, मदतीला आलेले स्पॅनिश शिपाई होते. ते ज्या शिखराकडे चढले त्याला गेलिकमध्ये आजही स्पॅनिशांचं शिखर म्हणतात.

त्याच स्पॅनिशांची एक तुकडी आयलन डोननला होती. तीन खाड्या मिळतात त्या जागी छोटं बेट, बेटावर तेराव्या शतकापासूनचा किल्ला. १७१९च्या मे महिन्यात इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी तो तोफांनी भाजला आणि आतलीच दारू पेटवून उडवून दिला. पुढची दोनशे वर्षं तिथं दगडांचा ढीग होता. १९११ साली जॉन मॅक्रे-गिल्स्ट्रॅप या लष्करी अधिकाऱ्याने बेट विकत घेतलं, आणि १९३२ साली आजचा किल्ला पुरा झाला. किनाऱ्यापासून बेटापर्यंतचा तो कमानींचा पूल, ज्याच्याशिवाय एकही कॅलेंडर निघत नाही, तोही तेव्हाचाच. म्हणजे स्कॉटलंडचा सर्वाधिक फोटो निघणारा 'मध्ययुगीन' किल्ला वयाने आपल्या दादरच्या चाळींच्या बरोबरीचा आहे. माझं याबद्दल वाईट मत नाही. काम मन लावून केलंय, आणि मॅक्रे कुटुंबाने ते केलं नसतं तर ढीगच राहिला असता. पण आपल्याकडे कुठे तट पुन्हा बांधायचा, कुठे नुसता सांभाळायचा, यावर भांडणं चालतात तेव्हा आयलन डोनन आणि किल्कर्न दोन्ही बघून यावं. मला विचाराल तर किल्कर्न.

स्कायचा पूल १९९५ सालचा. त्यावरच्या टोलविरुद्ध लोक कोर्टात गेले, दंड भरले नाहीत, आणि २००४च्या डिसेंबरात टोल उठला. हे वाचून नवरा पुलावर जरा ताठ बसला. पोर्ट्रीला जेवायला कलन स्किंक मागवलं : धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. मासा आणि दूध एकत्र, म्हणजे आमच्या आजीने घराबाहेर काढलं असतं. चव मात्र अशी की दुसरी वाटी घेतली. नवऱ्याचं शाकाहारी हॅगिसवर भागलं. ओट, डाळ, मिरी, तो म्हणाला भाजणीचं काहीतरी आहे.

मंगळवार : ट्रॉटर्निश

स्कायच्या उत्तरेकडच्या ट्रॉटर्निश द्वीपकल्पाला गाडीने फेरी मारायला दोन तास पुरतात, आम्हाला दिवस लागला. सकाळी ओल्ड मॅन ऑफ स्टॉर. चढ दीड तासाचा, वाट नीट बांधलेली, वारा मात्र माणसाला बाजूला सारणारा. वर पन्नासेक मीटरचा सुळका आणि मागे कडा. आणि हा दगड मी कुठेही ओळखला असता. काळा, आडव्या थरांचा, मधूनमधून पोकळ्यांत पांढरे दाणे. बेसॉल्ट. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक उघडायला लागला तेव्हा इथं लाव्हाचे थरावर थर साचले. आपलं दख्खन त्याच्या थोडं आधीचं, साडेसहा कोटींच्या आसपासचं. पुढे किल्ट रॉकला समुद्रात उतरणाऱ्या कड्यावर याच जातीच्या दगडाचे उभे खांब दिसले, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत तसे. फरक एवढाच की तिथं खाली समुद्र आहे आणि आपल्याकडे इमारती.

मग एवढा ओळखीचा दगड इथं असा वेडावाकडा का? कारण खालचं बूड मऊ. बेसॉल्टच्या जाड थराखाली त्याहून जुने, चिखल-वाळूचे थर आहेत, त्यांना हे वजन पेलत नाही, आणि सगळी डोंगररांग समुद्राकडे घसरत आली आहे. क्विराँगचे सुळके, पठारं आणि खाचा म्हणजे ही घसरण. ती थांबलेली नाही. फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता दर वर्षी दुरुस्त करावा लागतो.

क्विराँगवर जाणारा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा. हायलँड्समध्ये गाडी चालवायची तर पहिला धडा हाच. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता एका बाजूला फुगवलेला असतो, तिथं 'पासिंग प्लेस'ची पाटी. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ त्याने थांबायचं. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला समोर उभं राहायचं, उजवीकडे कापायचं नाही. मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथंच पुढे सोडायचं. आणि तिथं गाडी लावून फोटो काढायला उतरायचं नाही, त्यावरून स्थानिकांची डोकी फिरतात. दोन्ही चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, एवढाच नमस्कार. वरच्या वळणावर एका मेंढीने कोकरासकट रस्त्याच्या मधोमध बैठक मारली होती. समोर कॅम्परव्हॅन, मागे आम्ही, आमच्या मागे आणखी चार. कुणी हॉर्न वाजवला नाही. भाचीने इंजिन बंद केलं. पाच-सात मिनिटांनी कोकरू उठलं, मग आई उठली, सगळ्यांची बोटं वर झाली आणि रस्ता सुटला. वरंध घाटात हा प्रयोग करू नये.

त्या वळणावरून खाली बघताना एक गोष्ट खटकते. एवढा हिरवा मुलूख आणि घरं इतकी तुरळक कशी? जागोजागी नुसते दगडी चौथरे दिसतात, गवतात बुडालेले. ही ओसाडी निसर्गाची नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी कुळांना उठवून मेंढ्या सोडल्या, आणि माणसं ग्लासगोला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. उरलेल्यांनी १८८२ साली पोर्ट्रीजवळच्या ब्रेज गावात जमीन सोडायच्या नोटिसा जाळल्या, पोलिसांवर दगड घातले. १८८६ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. पर्यटनाच्या पत्रकांत जिला 'अस्पर्श निसर्ग' म्हणतात ती बरीचशी ही रिकामी केलेली गावं आहेत.

फेरीच्या टोकाला किल्म्यूअरच्या दफनभूमीत फ्लोरा मॅकडोनल्डची कबर आहे. कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर चार्ल्स राजपुत्राच्या डोक्याला तीस हजार पौंडांचं इनाम होतं. हिने त्याला बेटी बर्क नावाच्या आयरिश मोलकरणीचे कपडे घातले आणि होडीतून स्कायला आणलं. त्या दरिद्री मुलखात एवढ्या पैशासाठी कुणीच त्याला धरून दिलं नाही. बंडापेक्षा मला हे मोठं वाटतं.

बुधवार : डनव्हेगन – लॉख नेस

पाऊस. डनव्हेगन हे मॅक्लाउडांचं आठशे वर्षांचं बिऱ्हाड, अजूनही त्यांचंच. परीने दिला म्हणतात तो विरलेला रेशमी झेंडा चौकटीत ठेवलाय. बाहेरून किल्ला करड्या सिमेंटचा वाटतो, आत घरपण आहे, बाग उत्तम. तासाभरात आटोपलं.

स्काय सोडून परत ग्लेन शीलवरून लॉख नेसला आलो. ३६ किलोमीटर लांब, अरुंद, २३० मीटर खोल. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तलावांचं पाणी एकत्र केलं तरी याच्यापेक्षा कमी भरतं. राक्षसाची आवई १९३३ सालची, म्हणजे काठाने नवा रस्ता झाला त्या सुमाराची. अर्कर्टचा किल्ला त्या काठावर पडून आहे. १६९२ साली तो सोडून जाताना शिबंदीनेच दारू लावून उडवला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. दिंडीदरवाज्याच्या भिंतीचे भलेमोठे तुकडे जिथं उडून पडले तिथंच आहेत. गर्दी खूप, बसगाड्यांच्या बसगाड्या. संध्याकाळी बंद होण्याच्या तासभर आधी गेलात तर ग्रँट टॉवरवर जरा उभं राहता येतं.

गुरुवार : कलोडन – फोर्ट जॉर्ज

कलोडनचं माळरान बघून कुणी म्हणणार नाही की इथं बघण्यासारखं काही आहे. झुडपं, चिखल, वारा, लाल आणि निळ्या झेंड्यांच्या दोन ओळी. लाल तिथं सरकारी फौज उभी होती, निळे तिथं राजपुत्राची. १६ एप्रिल १७४६. राजपुत्राची माणसं आदल्या रात्री छापा घालायला म्हणून नेर्नकडे निघाली होती, पहाट व्हायला आली तेव्हा अर्ध्या वाटेतून परतली. उपाशी आणि झोपेविना ती उभी राहिली ती दलदलीत, समोर ड्यूक ऑफ कंबरलँडच्या तोफा. डोंगरउतारावरून तलवार घेऊन धावत सुटायचं, हीच त्यांची एक युक्ती. इथं ना उतार, ना पायाखाली घट्ट जमीन. निळ्या झेंड्यापासून लाल झेंड्यापर्यंत मी चालून पाहिलं. वाट बांधलेली असूनही बूट ओले झाले. तासाभराच्या आत सगळं संपलं. राजपुत्राकडचे दीड हजार पडले, समोरचे पन्नासेक. जखमींनाही सोडलं नाही.

कबरी म्हणजे गवताचे लांबट उंचवटे, आणि १८८१ साली लावलेले ओबडधोबड दगड. त्यांवर क्लॅनची, म्हणजे घराण्यांची, नावं : मॅकिंटॉश, कॅमेरन, फ्रेझर. फ्रेझरांच्या दगडासमोर फुलं आणि गर्दी, हल्लीच्या एका मालिकेमुळे. जरा पलीकडे एका दगडावर फक्त 'मिक्स्ड क्लॅन्स', म्हणजे निरनिराळ्या घराण्यांचे. त्याच्यापुढे कुणी नव्हतं. दगडावर पिवळट शेवाळ, अक्षरांच्या खाचांत पाणी साचलेलं, पायाशी कुणीतरी ठेवलेलं एक नाणं. मराठी माणूस इथं आला की त्याला बुराडी घाट आठवतो. मलाही आठवला, आणि मी तो बाजूला ठेवला, कारण पुढे जे पाहायचं होतं त्यात आपला संबंध नुसता आठवणीपुरता नव्हता.

कलोडननंतर हत्यारं जप्त झाली. टार्टन हे चौकडीचं कापड आणि किल्ट हा पुरुषांचा घागरा घालायलाही बंदी आली, ती १७८२पर्यंत टिकली. अपवाद एकच, राजाच्या सैन्यात भरती झालात तर किल्ट घाला. आणि इन्व्हर्नेसच्या पूर्वेला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर १७४८ ते १७६९ या काळात फोर्ट जॉर्ज उभा राहिला. प्रवासातला हा एकच किल्ला ज्याला आपणही किल्ला म्हणू. ताऱ्यासारखे कोन, गवताने माखलेले रुंद तट, खंदक, फेरी किलोमीटरहून जास्त. दोन लाख पौंडांवर खर्च आला, अंदाजाच्या दुपटीहून अधिक. आणि एकही गोळी शत्रूवर झाडायची वेळ आली नाही, कारण तो बांधून होईपर्यंत शत्रूच उरला नव्हता. आत अजूनही पलटण राहते. तटावरून खाडीत डॉल्फिन दिसतात म्हणे, आम्हाला फक्त लाटा दिसल्या. रेजिमेंटच्या कुत्र्यांची एक स्वतंत्र दफनभूमी मात्र आहे.

आतल्या हायलँडर्स संग्रहालयात नवरा पुढे गेला होता. त्याने हाक मारली, "अगं, इकडे ये. हत्ती आहे." खरंच होता. कॉलरला लावायचा छोटा बिल्ला, त्यावर हत्ती आणि वर अक्षरं : असई. १७९३ साली मॅकेन्झी घराण्याच्या प्रमुखाने उभारलेली ७८वी हायलँडर्स पलटण याच फोर्ट जॉर्जमध्ये दाखल झाली. आणि दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ती जालन्याजवळ केळणा आणि जुई नद्यांच्या मध्ये, आर्थर वेलस्लीच्या डाव्या बगलेला उभी होती. समोर शिंदे-भोसल्यांच्या तोफा आणि शिंद्यांचे कवायती कंपू. उजव्या बगलेला दुसरी हायलँडर पलटण, ७४वी, जवळजवळ कापली गेली. वेलस्ली जिंकला, पलटणींना निशाणावर हत्ती मिळाला.

मी तिथं बराच वेळ उभी होते. ज्यांच्या आजोबांची हत्यारं काढून घेतली त्यांच्या नातवांना किल्ट आणि बंदूक देऊन असईला पाठवलं. १७४६ ते १८०३, मध्ये सत्तावन्न वर्षं. घरी जमिनीवर मेंढ्या आल्या होत्या, तेव्हा भरती होण्यावाचून त्यांच्यापुढे फार काही नव्हतं, हेही खरं. आणि मारताना त्यांचा हात कचरला नाही, हेही खरं. याच किनाऱ्याने पूर्वेला गेलं की बान्फ लागतं, तिथला जेम्स ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि १८२६ साली त्याने मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापला. आपल्याला हरवणारेही इथले आणि आपली बखर इंग्रजीत नेणारेही इथलेच.

"आपण असईला कधी गेलोय का?" भाचीने विचारलं. तिघांपैकी कुणीच नव्हतं गेलं. वेरूळ-अजिंठ्याला जाताना भोकरदनचा फाटा किती वेळा मागे टाकला असेल.

शुक्रवार : ए-९ने परत

हा रस्ता मूळचा वेडचाच. आता त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे ट्रकच्या मागे मुकाट चालायचं. किंगुसीजवळ एका उंचवट्यावर रुथव्हेनच्या बराकी दिसतात, छप्पर नसलेल्या, चौकोनी. १७१५चं बंड मोडल्यावर बांधलेल्या, १७४६ साली जॅकोबाइटांनी जाळलेल्या. कलोडननंतर उरलेली माणसं इथं जमली, अजून लढू म्हणून. राजपुत्राकडून निरोप आला की ज्याने त्याने आपापला जीव वाचवावा. वर जायला पाच मिनिटं लागतात, तिकीट नाही, मैदानात मेंढ्या.

ब्लेअर कॅसल पांढराशुभ्र, ऐसपैस. ब्रिटनमध्ये वेढा पडलेला हा शेवटचा किल्ला, १७४६ सालचा. ॲथॉलच्या ड्यूकची युरोपातली एकमेव खासगी पलटण अजून इथं संचलन करते. नृत्यशाळेच्या भिंतीभर सांबरशिंगं. भाचीला ते आवडलं नाही, नवऱ्याला त्यांच्या उपाहारगृहातलं स्कोन आवडलं.

डंकेल्डला चिप्स खाल्ले आणि क्वीन्सफेरीच्या पुलावर वाहतुकीत अडकलो. गाडी सात वाजेपर्यंत परत करायची होती, पावणेसातला पोचलो. काउंटरवरचा माणूस यादी घेऊन बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली, दारांच्या खालच्या अंगाला वाळलेला काळा चिखल आणि त्यात अडकलेली लोकर बघितली.

"स्काय?" त्याने विचारलं, आणि सही घेतली.